मेर्सेनच्या यादीतली चूक

वर्गात ४, ८, १६, ३२, ६४, १२८ या २ च्या घातांतून १ वजा करायला सांगा. ३, ७, ३१, १२७ या मूळ संख्या मिळतात. १५ आणि ६३ मात्र संयुक्त. घातांक संयुक्त असला की उत्तरही संयुक्त येते, हे मुलांच्या लवकर ध्यानात येते. मग घातांक मूळ असेल तर उत्तर मूळ येईलच का? ११ घेऊन पाहा : २०४७ = २३ × ८९. अंदाज फसला!

फ्रान्समधील धर्मगुरू मारँ मेर्सेन याने १६४४ साली २५७ पर्यंतच्या घातांकांची यादी छापली. त्याच्या मते २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या घातांकांनाच मूळ संख्या मिळतात. एवढ्या प्रचंड संख्या त्याने तपासल्या कशा, हे त्याने सांगितले नाही. ३१ चा दावा ऑयलरने १७७२ साली सिद्ध केला. पण ६७ चे काय?

१८७६ साली एदुआर ल्युका याने एक वेगळीच वाट काढली. तिचे लेहमरने पुढे सोपे केलेले रूप ३१ साठी, म्हणजे घातांक ५ साठी, वापरून पाहू. ४ पासून सुरुवात करा. प्रत्येक वेळी वर्ग करून २ वजा करा आणि ३१ ने भागून बाकी घ्या : १४, ८, ०. घातांकापेक्षा दोनने कमी, म्हणजे तीन पायऱ्यांत शून्य आले, म्हणून ३१ मूळ. शून्य आले नसते, तर संख्या संयुक्त ठरली असती.

ल्युकाने १२७ चा दावा खरा ठरवला. ही संख्या ३९ अंकी आहे! ६७ ची संख्या मात्र संयुक्त निघाली. गंमत अशी, की तिचा एकही अवयव त्याला ठाऊक नव्हता.

अवयव १९०३ साली अमेरिकेच्या फ्रँक नेल्सन कोलने दिले :

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७ = १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७

त्याने सभेत एक शब्दही न बोलता हा गुणाकार फळ्यावर केला, अशी कथा सांगतात. या संख्येचा प्रत्येक अवयव १३४ च्या पटीत १ मिळवून येतो. पण लहान अवयवासाठी ती पट तब्बल १४,४५,५८० वी आहे. एकेक भागाकार करत तिथे पोहोचणे किती कठीण, याची यावरून कल्पना यावी.

पुढे २५७ चा दावाही खोटा ठरला. ६१, ८९ आणि १०७ हे घातांक मेर्सेनकडून सुटले होते. यादीत एकूण पाच चुका! तरीही या संख्या आज त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. २०२४ साली सापडलेल्या अशा मूळ संख्येचा घातांक १३,६२,७९,८४१ आहे.

‘संयुक्त आहे’ हे सिद्ध करणे आणि अवयव शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले सोपे आणि दुसरे अवघड असू शकते. नामांकित माणसाने छापलेली यादीसुद्धा तपासावी लागते, हा धडा मात्र गणितापुरताच नाही.