ताबा आधी की कागद आधी?

बदलापूर-अंबरनाथमध्ये जुना फ्लॅट विकताना भाव ठरतो, पण तारीख अडते. विकणाऱ्याला नव्या घराची चावी मिळालेली नसते आणि घेणाऱ्याचा भाडेकरार संपत आलेला असतो. ही रोजची घासाघीस इतिहासाचा विषय होऊ शकते का? नक्कीच.

सुरुवात उल्हासनगरपासून करू. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत राहिली. 1949 मध्ये वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. मालकी देण्याची वाट मात्र विस्थापितांच्या भरपाई व पुनर्वसनाच्या 1954 च्या कायद्याने उघडली. म्हणजे राहणं आधी, कागद नंतर.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटमध्ये हा क्रम उलटला. करार आधी, ताबा नंतर. म्हणून 1963 च्या महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिका कायद्याने बिल्डरला ताब्याची तारीख लेखी द्यायला लावली. रीसेलमध्ये समोर बिल्डर नसतो, दुसरं कुटुंबच असतं. तिथे बँकेचं कर्ज, शाळेचा जून, पितृपक्ष हे सगळं सांभाळत साठेखतात ताब्याचं कलम लिहिलं जातं.

आता पद्धतीचा मुद्दा. दस्त नोंदणीची तारीख ही राहायला जाण्याची तारीख समजू नका. ताबा पावती, वीजबिल, सोसायटीची नोंद शेजारी ठेवा. मधल्या दिवसांचं भाडं आणि हप्ता कोणी भरला, हेही विचारा. कोणाला थांबणं परवडत होतं, ते तिथे दिसतं.