मातीची परीक्षा आणि घरचा हिशेब

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाविद्यालयांच्या बैठकांतून ‘आंतरविद्याशाखीय संशोधन’ आणि ‘नवोपक्रम’ हे शब्द जोडीने ऐकू येतात. जणू ही कल्पना कालपरवाचीच! भूम तालुक्यातील ईटसारख्या गावी, बालाघाटाच्या कोरडवाहू रानात उभे राहिले की मात्र तिचा एक जुना इतिहास आठवतो. त्याचा आरंभ पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या खेड्यात झाला.

डॉ. हॅरॉल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. आसामात चहाच्या मळ्यांसाठी संशोधन केल्यावर १९०७ मध्ये ते पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. सहकाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी पिंपळे सौदागरची पाहणी केली. मातीचे पृथक्करण झाले, विहिरींचे पाणी तपासले गेले. पण काम तेथेच थांबले नाही. जमिनीचे तुकडे, पिके, मजुरी, कर्ज, कुटुंबाचा वर्षाचा खर्च हे सारे त्याच पाहणीत आले. १७७१ मध्ये सरासरी चाळीस एकर असलेली धारणा १९१५च्या सुमारास सात एकरांवर आली होती. साधारण वर्षातही जवळपास दोन-तृतीयांश कुटुंबांचा मेळ बसत नव्हता. १९१७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रविषयक मालेत ही पाहणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. रसायनशास्त्रज्ञाचा ग्रंथ अर्थशास्त्राच्या मालेत निघावा, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

या कामातील एक सहकारी ना. वि. कानिटकर. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जातेगाव बुद्रुकच्या पाहणीत ते मॅन यांचे सहलेखक होते. पुढे कोरडवाहू शेती हाच त्यांचा विषय झाला. १९२३ मध्ये मांजरी येथे या संशोधनाला प्रारंभ झाला आणि १९३३ मध्ये सोलापूरला स्वतंत्र केंद्र उभे राहिले. शेतावर पडलेल्या पावसापैकी वाहून किती जातो, मुरतो किती, मातीत टिकतो किती, यांची तेथे मोजदाद झाली. त्याच योजनेचे एक केंद्र निजामाच्या राज्यात रायचूरला होते. त्या काळी ईट निजामी हद्दीत आणि बार्शी इंग्रजी हद्दीत. मातीला मात्र ही सरहद्द ठाऊक नव्हती.

या संशोधनातून तीन गोष्टी शेतात उतरल्या. प्रत्येकीचे नशीब वेगळे निघाले.

पहिली म्हणजे ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’. बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी ही तिची अंगे. शास्त्र म्हणून तिच्यात फारशी उणीव नव्हती. परंतु तिने उत्पन्न वाढे ते पंधरा-वीस टक्के, आणि मूळचे उत्पन्नच हेक्टरी दोनशे ते चारशे किलो. म्हणजे अधिकचे धान्य फार तर तीस ते ऐंशी किलो! तेवढ्यासाठी नांगरटीचे बैल आणि खत कर्जबाजारी कुणब्याने कोठून आणावे? पिंपळे सौदागरच्या पाहणीत कर्जाचा जो हिशेब मातीच्या शेजारी मांडला होता, तो या पद्धतीच्या शिफारशीत कोठेच दिसत नाही.

दुसरी गोष्ट समतल बांध. १९४२च्या जमीन सुधारणा कायद्याने त्यांना सरकारी बळ मिळाले आणि दुष्काळी कामांतून ते दूरवर पोहोचले. हलक्या, उताराच्या जमिनीत त्यांनी माती धरून ठेवली. भारी काळ्या जमिनीत मात्र बांधाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून पीक पिवळे पडे; उन्हाळ्यात बांधाला भेगा जात आणि पुढच्या पावसात तो फुटे.

तिसरी गोष्ट मालदांडी ३५-१. १९३०च्या दशकात मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून हे वाण तयार झाले. परतीच्या पावसाची ओल धरून ते वाढते, भाकरीला गोड लागते आणि जनावरांना कडबाही देते. त्यासाठी नवे अवजार लागत नाही, की नवे कर्ज. बी मुळात शेतकऱ्याचेच होते. शास्त्रज्ञाने त्यातले उत्तम तेवढे निवडले. पुढे संकरित वाणांचा बोलबाला झाला, तरी रब्बीच्या रानातून मालदांडी हटली नाही.

या तिन्ही गोष्टींमागचे शास्त्रज्ञ सारख्याच योग्यतेचे होते. फरक पडला तो शेतकऱ्याच्या घरचा हिशेब संशोधनात कितपत शिरला, यामुळे. आंतरविद्याशाखीयता म्हणजे चार विभागांच्या प्राध्यापकांनी एका प्रस्तावावर सह्या करणे नव्हे. मृदाशास्त्राच्या प्रश्नाला अर्थशास्त्राने अडवावे आणि अर्थशास्त्राच्या उत्तराला मातीने, असा तो व्यवहार आहे. मॅन यांच्या पाहणीत तो होता.

आज आमच्या भागात रब्बी ज्वारीची जागा सोयाबीनने बरीच व्यापली आहे. पाणी मुरावे आणि जादा पाणी निघूनही जावे, म्हणून रुंद वरंबा-सरीची शिफारस होते. काळ्या जमिनीतील तुंबलेल्या बांधांनी शिकवलेला धडा त्यात निश्चितच आहे. पण त्या पेरणीयंत्राचे भाडे, वेळेवर न मिळणारा ट्रॅक्टर आणि तीन एकरांचे दोन तुकडे यांचा विचार तितक्याच काळजीने झाला आहे काय? हा प्रश्न विचारण्यासाठी नव्या विद्याशाखेची गरज नाही. शंभर वर्षांपूर्वीचा तो ग्रंथ पुन्हा उघडला तरी पुरे.