पदर, ताट आणि पुकारा

श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या पॉडकास्टविषयी अलीकडे जे लिहिले जाते, त्यात एक सूर हमखास ऐकू येतो. जाहिरातदाराला दूर ठेवावे, श्रोत्याने स्वखुशीने पैसे द्यावेत, देणाऱ्याचे नाव कार्यक्रमात घेतले जावे आणि त्यातून विखुरलेल्या श्रोत्यांचा एक समाज उभा राहावा, हा सारा जणू इंटरनेटच्या युगाचा शोध आहे. अॅडम करी आणि जॉन ड्वोरॅक यांनी २००७ साली अमेरिकेत सुरू केलेला 'नो अजेंडा' हा कार्यक्रम यासाठी पुढे केला जातो. तेथे जाहिरात नाही. ऐकणाऱ्यांना 'निर्माते' म्हटले जाते, देणगीदारांची नावे वाचली जातात आणि एखाद्याच्या देणग्यांची बेरीज हजार डॉलरांवर गेली की त्याला 'नाइट' ही सरदारकी बहाल होते. यातला थट्टेचा भाग उघड आहे. पण थट्टेनेच का होईना, तो एक विधी आहे, आणि विधीवाचून ती देणगी निव्वळ बिल ठरली असती.

या प्रथेचे पूर्वज शोधायला आम्हांला फार दूर जावे लागत नाही. कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके घेते. एवढ्याशा पट्ट्यात ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याला पैसे देण्याच्या निदान तीन-चार रीती एकमेकींना खेटून नांदल्या आहेत. पैसा देणाऱ्याचा शब्दावर हक्क किती, या एकाच प्रश्नाला त्या प्रत्येकीने वेगळे उत्तर दिले.

अगोदर एक आठवण ठेवली पाहिजे. या पट्ट्यातले सर्वांत जुने दान श्रोत्यांचे नाही, राजाचे आहे. अंबरनाथच्या शिवालयातील शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव सांगतो. एक आश्रयदाता, एक वास्तू, दगडात कोरलेले एक नाव, ही राजाश्रयाची रीत. आम्ही ज्या दानाविषयी बोलत आहोत ते याच्या उलट्या टोकाचे आहे. देणारे पुष्कळ, प्रत्येकाची रक्कम क्षुल्लक, आणि नाव टिकायचे तर ते हवेतच.

उल्हासनगरची वसाहत दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत वसली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या नव्वद हजारांहून अधिक निर्वासितांना तेथे आसरा मिळाला आणि १९४९ साली या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तेथील पत्ता 'कॅम्प नंबर' सांगूनच पुरा होतो. या लोकांनी घरेदारे मागे टाकली, पण 'भगत' बरोबर आणला. भगत हे गाणाऱ्याचेही नाव आणि प्रकाराचेही. पायघोळ जामा, पायांत घुंगरू, भोवती माणसांचे कडे, आणि गाणे, नाच, कथा, उपदेश यांची रात्रभर चाललेली मिसळ. आपल्या कीर्तनाचा आणि गोंधळाचा हा सख्खा आप्त म्हणावा असा. गायकावरून ओवाळून दिलेल्या पैशाला सिंधीत 'घोर' म्हणतात. देणाऱ्याच्या नावाने भगत दुआ मागतो, आणि गाणे पुढे सरकते. म्हणजे पैसा कार्यक्रमात व्यत्यय आणत नाही. तो कार्यक्रमाचाच एक चरण होतो.

या परंपरेचे शिखर म्हणजे संत कंवरराम. त्यांचा जन्म १८८५ साली सक्खर जिल्ह्यातील जरवार गावचा. १ नोव्हेंबर १९३९ रोजी रुक स्थानकावर त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली. गाण्यात झोळीत पडलेला पैसा ते गरजूंना वाटून टाकत, घरी नेत नसत, अशी त्यांची कीर्ती सिंधी समाजात आजही सांगितली जाते. येथे एक शब्द आम्हांला विशेष मोलाचा वाटतो. झुलेलालच्या पूजेच्या शेवटी सिंधी भाविक 'पल्लव' गातात, वस्त्राचे टोक पुढे धरून मागणे मागतात. मराठीतले 'पदर पसरणे' आणि हे पल्लव एकच. मागण्यात कमीपणा असतो अशी आपली सुशिक्षित समजूत. पण या विधीत सगळेच पदर पसरतात, गायक श्रोत्यांपुढे आणि श्रोते देवापुढे. सर्वस्व गमावून बराकीत राहणाऱ्या माणसाला कोणाला तरी काही देता येणे म्हणजे काय, हे त्या काळाच्या संदर्भात पाहिले पाहिजे. मदतीच्या रांगेत उभा राहणारा निर्वासित भगताच्या कड्यात उभा राहिला की दाता होत असे.

बदलापूरकडची, उल्हास नदीच्या काठची जुनी गावे याहून वेगळ्या रीतीने देतात. हरिनाम सप्ताहासाठी घरटी वर्गणी निघते, एखाद्या दिवसाची पंगत कोणी आपल्याकडे घेतो, आणि त्याचे नाव ध्वनिक्षेपकावर येते, फलकावरही येते. नारदीय कीर्तनात मात्र निराळे. पूर्वरंग संपला की बुवांना हार घालायचा, बुक्का लावायचा, तोवर नामगजर. आणि अखेरीस आरतीचे ताट फिरते. ताटात कोणी किती टाकले हे शेजाऱ्यालाही धड दिसत नाही. पंगतीला नाव आहे, ताटाला नाही. आमच्या मते या दोन रीतींतला फरक साहित्याच्या अभ्यासकांनी फारच दुर्लक्षिला आहे. कीर्तनाच्या आख्यानांवर प्रबंध होतात, ताटावर होत नाहीत.

आणि याच परंपरेने या व्यवहारावर सर्वांत कठोर आक्षेपही नोंदवून ठेवला आहे. कीर्तन करावे तेथे जेवू नये, बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ पडू देऊ नये, बैलाघोड्यासाठी वैरणही मागू नये, असे सांगणारा तुकोबांचा अभंग सर्वश्रुत आहे. त्याचा शेवट तर असा, की द्रव्य घेणारे आणि देणारे दोघेही नरकाला जातात. घेणाऱ्याला दोष देणे सोपे असते. देणाऱ्यालाही त्याच पंक्तीत बसवणे हे तुकोबांचे वेगळेपण. दिलेला पैसा शब्दाला कोठे वाकवतो हे त्यांनी पाहिले असले पाहिजे.

तो कोठे वाकतो, हे संगीतबारीत उघड दिसते. दौलतजादा करणाऱ्याची फर्माईश पुरी होते, त्याचे नाव पुकारले जाते, आणि ज्याचा पैसा मोठा त्याच्याकडे तोंड करून गाणे होते. येथेही देणगी आहे, विधी आहे, नामोच्चार आहे. तरी समाज घडण्याऐवजी बोली लागते. भीमगीतांच्या कार्यक्रमांत श्रोता मंचाशी येऊन नोट देतो आणि गायक त्याचे नाव घेतो, ते वरवर पाहता याच जातीचे वाटेल. पण तेथे नोटेबरोबर 'जयभीम' असतो, आणि गीताचा विषय देणाऱ्याच्या मर्जीवर ठरत नाही. बाह्य विधी सारखाच. शब्दावरची मालकी कोणाकडे राहते यावर सारा फरक.

मालकीचा हा प्रश्न सर्वांत स्वच्छ शब्दांत मांडला गेला तो मात्र छापील पानावर. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला तो शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या साह्यावर, म्हणजे अजून राजाश्रयाच्या छायेत. 'बहिष्कृत भारत' १९२७ च्या एप्रिलमध्ये सुरू झाला, आणि वर्ष पुरे होण्याआधीच, ३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात, डॉ. आंबेडकरांना वाचकांपुढे जमाखर्च मांडावा लागला. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने स्वतः, मोबदल्यावाचून, लिहून काढल्याचे त्यांनी त्यात सांगितले. पण त्या लेखाचे बळ आमच्या मते त्याच्या शीर्षकातच आहे. पत्राचे वाचकांवर असलेले ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय, असा तो प्रश्न आहे. दान, देणगी, कृपा हे सारे शब्द टाळून त्यांनी 'ऋण' शब्द निवडला. देणारा उपकार करीत नाही, देणे फेडतो. म्हणून त्याला पुकाराही नको आणि फर्माईशही करता येत नाही. तुकोबांच्या आक्षेपाला याहून नेमके उत्तर मराठीत दिले गेल्याचे आम्हांला आठवत नाही.

तरीही 'बहिष्कृत भारत' १९२९ मध्ये बंद पडला. ज्यांच्यासाठी तो निघे ते दरिद्री होते, बहुतेक निरक्षर होते, आणि गावोगाव विखुरलेले होते. वर्गणी मनिऑर्डरीने यायची, एकट्याने पाठवायची. तिला कडे नव्हते, ताट नव्हते. पुढे आंबेडकरी जलशांनी तोच विचार ढोलकीवर घेतला. त्यांना माणसे एका जागी भेटली, आणि रात्रीच्या रात्री तेथल्या तेथे देणे फिटू लागले.

कॅलिफोर्नियातील बर्कलीचे 'केपीएफए' हे रेडिओ केंद्र ल्यूइस हिल यांनी १९४९ च्या एप्रिलमध्ये, उल्हासनगरच्या नामकरणाच्याच वर्षी, श्रोत्यांच्या वर्गणीवर सुरू केले. पुढच्याच वर्षी पैसे संपून ते मुके झाले. १९५१ मध्ये श्रोत्यांनी निधी जमवून ते पुन्हा सुरू केले. रेडिओचा श्रोताही एकटाच असतो. पण त्याचे केंद्र गप्प झाले की ती शांतता सर्वांना एकाच वेळी ऐकू येते. पॉडकास्टला तीही सोय नाही. प्रत्येकजण आपल्या वेळेला, आपल्या कानात ऐकतो. सकाळच्या लोकलमध्ये शेजारी बसलेले दोघे एकच भाग ऐकत असले तरी एकमेकांना ते कळत नाही. म्हणून तेथे नावे वाचावी लागतात, ठरीव अभिवादने लागतात, वर्षातून एखादा मेळावा लागतो. जे कड्यात उभे राहून आपोआप मिळे, ते शब्दांनी पुन्हा बांधावे लागते.

मराठीत स्वतंत्रपणे पॉडकास्ट करणाऱ्या तरुण मंडळींशी बोलताना आम्ही एवढेच विचारतो, की तुमच्याकडे पंगत आहे, ताट आहे, की बारी? बहुतेकांचे उत्तर येते, अजून तरी जाहिरातच आहे.