भिंतीआडचं वळण

१८८२ साली मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीचं ते काम. वर्षभरात कंपनी बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसच्या दिव्यांवर आलं. १८८२ च्याच डिसेंबरात तिकडे न्यूयॉर्कमध्ये थॉमस एडिसनचा जवळचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने घरच्या नाताळच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० दिवे लावले. दोन्हीकडे लोक दिवे बघत राहिले. त्या दिव्यांपर्यंत वीज आणणारी तार कुठून आली, हे बघायला कोणी थांबलं नाही. जॉन्सनने मात्र पुढच्या काही वर्षांत तारेचाच प्रश्न हाती घेतला.

प्रश्न खरोखर अवघड होता. तेव्हाच्या तारेवर सुताचं किंवा रबराचं वेष्टन असे. ती खिळ्यांनी भिंतीवर ठोकत, कधी गिलाव्याखाली तशीच पुरून टाकत, तर कधी जुन्या गॅसच्या नळ्यांमधून ओढून घेत. वेष्टन ओल धरे, कुजे, उंदीर कुरतडत. तार खराब झाली की भिंत फोडण्यावाचून इलाज नसे. जॉन्सनचं म्हणणं असं, की पाण्याच्या आणि गॅसच्या नळांची सोय घर बांधतानाच होते, तशी तारेच्या वाटेचीही व्हावी. वाट कायमची राहील, तार हवी तेव्हा ओढून काढता येईल आणि दुसरी घालता येईल. १८९० च्या आसपास त्याच्या ‘इंटीरियर कंड्युइट अँड इन्सुलेशन कंपनी’ने त्यासाठी नळ्या बाजारात आणल्या. त्या डांबरात मुरवलेल्या कागदाच्या होत्या.

कागदाची नळी फार टिकणार नव्हतीच. चुकून खिळा लागला की आरपार जाई. मग तिच्यावर पितळेचा पत्रा आला, पुढे लोखंडाची नळी आली आणि तिच्या आत कागदाचं अस्तर राहिलं. शेवटी अस्तरही गेलं. वीज अडवायचं काम तारेच्या वेष्टनाचं, आणि तारेला मार व आगीपासून जपायचं काम पाईपाचं, ही वाटणी एकदा पक्की झाल्यावर साधा लोखंडी पाईप पुरेसा ठरला. याच वर्तुळातला जर्मन कारागीर सिगमुंड बेर्गमान याने ही कल्पना बर्लिनला नेली. तिथे १८९१ पासून त्याच्या कारखान्यात पातळ पत्र्याच्या आवरणाच्या नळ्या होऊ लागल्या. त्या वाकवायला खास चिमटा असे. नळीच्या आतल्या बाजूला तो एकमेकींच्या जवळ एकेक बारीक चुणी पाडत जाई आणि चुण्या वाढतील तशी नळी वळत जाई. जर्मनीतल्या जुन्या घरांत अशा चुणीदार नळ्या आजही सापडतात.

मुंबईत वीज टिकून राहिली ती १९०५ नंतर. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीने त्या वर्षी वाडीबंदरला वीजघर उभारलं. ७ मे १९०७ ला विजेची ट्राम धावली. १९१२ मध्ये माझगावला कंपनीचं मोठं वीजघर सुरू झालं आणि १९१५ मध्ये टाटांची खोपोलीची जलविद्युत गिरण्यांकडे येऊ लागली. घरांत मात्र पाईप इतक्यात शिरला नाही. घरचं वायरिंग लाकडाचं होतं.

ते लाकूड म्हणजे सागवानी केसिंग-कॅपिंग. दोन खाचा असलेली पट्टी भिंतीवर बसवायची, एका खाचेत जाणारी तार, दुसरीत परतणारी, वरून झाकणपट्टी स्क्रूने आवळायची. पट्टी धरून ठेवायला भिंतीत लाकडी गिट्ट्या ठोकाव्या लागत. हे काम निम्मं सुताराचंच. कोपऱ्यावर पट्टी तिरकी कापून सांधा असा बसवायचा की खाचेसमोर खाच आली पाहिजे, नाहीतर तारेचं वेष्टन धारेवर कापलं जाई. ओल आणि वाळवी हे या पद्धतीचे दोन वैरी, आणि कोकणपट्टीच्या पावसात दोघांचीही चैन. नंतर बॅटन पट्टी आली. तिच्यावर रबरी आवरणाची वायर अंथरायची आणि थोड्याथोड्या अंतरावर पत्र्याच्या क्लिपांनी धरायची. जुन्या वाड्यांत, शाळांत, पोस्टाच्या कचेऱ्यांत ही पट्टी अजून दिसते, तिच्यावर रंगाचे थर चढलेले असतात. सरळ रेषेत, गुण्यात, नीट ओळंब्यात मारलेली बॅटन बघितली की त्या वायरमनचा हात कसा होता ते लगेच कळतं.

लोखंडी पाईपाची खरी गरज निर्माण केली ती आरसीसीने. १९३० च्या दशकात ओव्हल मैदानाच्या कडेने आणि मरीन ड्राइव्हवर काँक्रीटच्या इमारती उभ्या राहू लागल्या. विटांच्या भिंतीत मागाहून झिरी मारता येते. स्लॅबमध्ये ती सोय नाही. काँक्रीट पडायच्या आधीच पंख्याचा बॉक्स कुठे, दिवा कुठे, भिंतीत उतरणारा पाईप कुठे हे ठरवून पाईप अंथरून ठेवावा लागतो. एकदा स्लॅब पडला की चूक सुधारायला जागा उरत नाही. इमारतीच्या कामात इलेक्ट्रिशियनचा नंबर पूर्वी रंगाऱ्याच्या जरा आधी लागे. आता तो सळई बांधणाऱ्याच्या पाठोपाठ सेंटरिंगवर चढू लागला.

लोखंडी पाईप वाकवणं हे ताकदीचं काम वाटतं, पण त्यात ताकदीपेक्षा धीर जास्त लागतो. ब्रिटिश पद्धतीत एका जाड लाकडी ठोकळ्याला भोक पाडत, त्याची कड गोल करत, पाईप त्यात घालून रेटत. एका दमात रेटला की पाईप आतून दबतो आणि गोल भोकाची लांबट फट होऊन बसते. म्हणून थोडं रेटायचं, पाईप बोटभर पुढे सरकवायचा, पुन्हा थोडं रेटायचं. असं करत काटकोन साधायचा. मोठ्या मापाच्या पाईपात कोरडी वाळू ठासून भरत, दोन्ही तोंडं बंद करत, मग तापवून वाकवत. वाळूमुळे भिंती आत बसत नाहीत. पाईपाची जोडाची शिवण वळणाच्या बाहेरच्या किंवा आतल्या अंगाला येऊ नये, हेही पाहावं लागे. मग टोकांना डायने आटे पाडायचे आणि कापलेली कड आतून कानसून घ्यायची. ही शेवटची पायरी कंटाळवाणी असते आणि अनेकदा तीच टाळली जाते. वायर ओढताना तिचं आवरण सोललं जातं ते याच कडेवर.

वळणाची एवढी काळजी का घ्यायची, याचं उत्तर भाऊच्या धक्क्यावर मिळतं. बोटीच्या दोराचे खुंटाला दोन-तीन वेढे दिले की एक माणूस अख्खी बोट थोपवून धरतो, कारण प्रत्येक वेढ्यागणिक घर्षण बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतं. पाईपातल्या वळणाला हाच नियम लागू आहे. घर्षणांक ०.५ धरला, तर एका काटकोनी वळणापलीकडून वायर ओढायला दुपटीहून थोडा जास्त जोर लागतो. दोन वळणांना तो जवळपास पाचपट होतो आणि चार वळणांना २३ पट. अमेरिकन नियमावलीत दोन बॉक्सच्या दरम्यान सगळी वळणं मिळून ३६० अंशांहून जास्त नकोत, असं बंधन आहे ते यासाठीच. भारतात केंद्रीय बांधकाम खात्याच्या तपशिलातही तोच हिशोब दिसतो. २० मिलिमीटरच्या सरळ पाईपात दीड चौरस मिलिमीटरच्या ५ वायरी चालतात, पाईप १५ अंशांहून जास्त वळला की ४. वळणाची त्रिज्या साडेसात सेंटिमीटरच्या खाली जाऊ द्यायची नाही. आणि पाईप अंथरताना त्यात जीआयची तार घालून ठेवायची, म्हणजे पुढे वायर ओढणाऱ्याला धागा हाती लागतो.

अमेरिकेत या कामाचं शास्त्र झालं. तिथे १९२८ मध्ये पातळ भिंतीच्या पाईपाला नियमावलीत मान्यता मिळाली. त्याला आटे पाडावे लागत नाहीत आणि तो लांब दांड्याच्या हत्याराने पायाखाली दाबून वाकवता येतो. जॅक बेनफिल्ड नावाच्या माणसाने पाईप वाकवण्यावर हातपुस्तिका लिहिली आणि त्याच्या नावाचं हत्यारही निघालं. अडथळा चुकवायला पाईपाला ३० अंशांची दोन उलटसुलट वळणं द्यायची असतील, तर अडथळ्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर खुणा करायच्या. ४५ अंशांची असतील तर १.४१ पट. असे आकडे तिथले उमेदवार तोंडपाठ करतात. शिकागोत आजही राहत्या घरांना धातूचा पाईप सक्तीचा आहे, त्यामुळे ही कला तिथे रोजच्या पोटापाण्याची राहिली आहे.

आपल्याकडे पाटी-पुस्तकाऐवजी मिस्त्री होता. आयटीआयच्या वायरमन ट्रेडमध्ये पाईप कापणं, आटे पाडणं, वाकवणं शिकवतात, आणि १९५६ च्या इंडियन इलेक्ट्रिसिटी रूल्सच्या ४५ व्या नियमाने वायरिंगचं काम परवानाधारकाकडेच असलं पाहिजे असं ठरवून दिलं. पण हाताला वळण लागतं ते साइटवर.

पीव्हीसीचा पाईप आल्यावर हे सगळं पालटलं. भारतीय मानकात लोखंडी कंड्युइटचा भाग १९८१ चा, तर प्लास्टिकच्या कंड्युइटचा, म्हणजे आयएस ९५३७ चा तिसरा भाग, १९८३ चा आहे. प्लास्टिकला गंज नाही, आट्यांची कटकट नाही, सोल्यूशन लावून कॉलर बसवली की झालं. लोखंडी पाईप स्वतःच अर्थिंगचं काम काही प्रमाणात करी, तेवढं मात्र गेलं आणि वेगळी हिरवी वायर ओढणं अपरिहार्य झालं. वाकवण्यासाठी पोलादी स्प्रिंग आली. ती पाईपात सरकवायची, पाईप गुडघ्यावर टेकवून सावकाश ओढायचा, हव्या कोनाच्या थोडा पुढे न्यायचा, कारण सोडल्यावर तो मागे येतो. मग स्प्रिंगला पीळ देत ती बारीक करून काढायची. थंडीत पाईप आधी हाताने किंवा कपड्याने घासून ऊब द्यावी लागते, नाहीतर तो पांढरा पडून चिरतो.

हे काम दोन मिनिटांचं. तरीही स्लॅबवर अनेकदा स्प्रिंग नसतेच. त्याऐवजी तयार एल्बो खुपसले जातात, त्यांची त्रिज्या तुटपुंजी असते. घाईने वाकवलेला पाईप दबतो, त्यावरून काँक्रीटची घमेली नेणाऱ्यांचे पाय पडतात, कॉलर निसटते, सिमेंटचं पाणी आत शिरून थिजतं. त्या दिवशी काही बिघडत नाही. वरून काँक्रीट पडतं, बिल निघतं.

बिघडतं ते पंचवीस-तीस वर्षांनी. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या सोसायट्यांत एका खोलीला एक दिवा, एक पंखा आणि पाच अँपिअरचा एक प्लग एवढंच गृहीत धरलेलं होतं. पुढे गीझर, मायक्रोवेव्ह, एसी आले आणि त्यांना चार चौरस मिलिमीटरची वायर लागू लागली. ज्या घरातला पाईप नीट वळवलेला होता, तिथे जुनी वायर नव्या वायरीला बांधून ओढली की काम झालं, भिंतीवर ओरखडा नाही. जिथे वळण दबलेलं होतं किंवा लोखंडी पाईप वळणावर गंजून आतून फुगला होता, तिथे भिंतीवरून प्लास्टिकची केसिंग-कॅपिंग पट्टी धावू लागली. सागाची गेली होती, ती प्लास्टिकची होऊन परत आली. मुंबई-पुण्याच्या कुठल्याही जुन्या इमारतीत जिन्यावरून वर जाताना अशा पांढऱ्या पट्ट्या दिसतात, त्यातल्या कित्येक पट्ट्यांमागे एखादं दबलेलं वळण असतं.

जॉन्सनने मागितली होती ती सोय इतकीच होती, की पुढे येणाऱ्याला वायर बदलता यावी. ती सोय करणाऱ्या माणसाला तिचा उपयोग बघायला मिळत नाही, आणि घरमालकाला त्याचं नावही ठाऊक नसतं. म्हणून या कामाची किंमत कोणत्याही बिलात नीट उतरत नाही. पुनर्वायरिंगला आलेला जाणता वायरमन मात्र पहिल्या दिवशी दर सांगत नाही. स्विचबोर्ड उघडतो, एक वायर धरून हलकेच ओढतो, पलीकडच्या बॉक्सवर उभ्या असलेल्या पोराला विचारतो, “हलली का?” आणि मगच अंदाजपत्रक करायला बसतो.