मोजपट्टी कोणाची? वर्धा १९३७ आणि शाळांची तुलना

सरकारी शाळा सरस की खासगी, हा वाद आपल्याकडे निकालाच्या टक्केवारीने सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो. परीक्षेने कोणते विषय मोजले, कोणते सोडले, आणि दोन्ही वर्गांत बसलेली मुले सारख्या घरांतून आली होती काय, हे प्रश्न मागे राहतात. आपण या प्रश्नांचा इतिहास शोधू लागलो की वर्ध्यापाशी थांबावेच लागते. शाळेचे यश कशाला म्हणावे, ही कल्पनाच बदलण्याचा मोठा प्रयत्न तेथे झाला.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी गांधीजी होते, आणि काँग्रेसशासित प्रांतांचे शिक्षणमंत्रीही उपस्थित होते. निमित्त होते जमनालाल बजाज यांच्या आश्रयाने वाढलेल्या मारवाडी शिक्षण मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचे. म्हणजे देशातील सरकारी प्राथमिक शाळांचा नवा आराखडा एका खासगी संस्थेच्या अंगणात जन्माला आला. सरकारी आणि खासगी या दोन जाती जणू मुळातूनच वेगळ्या, अशी जी आपली समजूत असते, तिला या एका गोष्टीने धक्का बसायला हरकत नाही.

परिषदेने चार गोष्टी मान्य केल्या : सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यास, आणि त्या उत्पन्नातून हळूहळू शिक्षकाचा पगार निघावा ही अपेक्षा. तपशील ठरवण्यासाठी झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. विनोबा आणि काका कालेलकर तिचे सभासद होते. २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल सादर झाला. त्यातील वेळापत्रक आजही पाहण्यासारखे आहे. साडेपाच तासांच्या शाळेत हस्तोद्योगाला ३ तास २० मिनिटे. संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटे. मातृभाषेला ४० मिनिटे. समाजशास्त्र व सामान्य विज्ञान मिळून ३० मिनिटे. व्यायाम आणि मधली सुट्टी प्रत्येकी १० मिनिटे. इंग्रजीला एक मिनिटही नाही. मॅट्रिकइतके ज्ञान, त्यातून इंग्रजी वजा आणि एक उद्योग अधिक, अशी गांधीजींची मांडणी होती. अशा शाळेतील मुलाला प्रचलित परीक्षेला बसवून ‘हा मागे पडला’ असे म्हणणे सोपे होते. पण ते गजाने दूध मोजण्यासारखे झाले असते.

मात्र नवी मोजपट्टीही निर्दोष नव्हती. शाळेतील उत्पन्नावर भर दिला तर मुले राबवली जातील, हा आक्षेप प्रा. के. टी. शहा यांनी परिषदेतच घेतला होता, आणि आर्थिक बाजूच्या ओढीने शिक्षणाचा हेतू मागे पडू शकतो, असा इशारा समितीच्या अहवालानेही दिला. एकोणिसाव्या शतकात हाच अनुभव दुसऱ्या रूपाने आला होता. इंग्लंडमध्ये १८६२ च्या संहितेने आणि पुढे मुंबई इलाख्यातही परीक्षेच्या निकालावर अनुदान बेतले गेले. तेव्हा शिक्षक परीक्षेपुरतेच शिकवू लागले. सूत मोजा की गुण मोजा, जे मोजले जाते त्याकडे शाळा झुकते.

वर्धा योजना का मागे पडली, याची कारणे अनेक आहेत. आमच्या मते त्यांतले मुख्य असे की मोजपट्टी बदलली ती काही शाळांपुरतीच. १९४४ च्या सार्जंट अहवालाने मूलोद्योगी शिक्षण स्वीकारले, स्वावलंबनाची अट मात्र नाकारली. पुढे मूलोद्योगी शाळा वाढल्या, पण महाविद्यालयाचे आणि नोकरीचे दार मॅट्रिक व इंग्रजीच उघडत राहिले. सधन घरांतील मुले जुन्या वाटेनेच गेली. खेड्यातल्या आईबापांनी त्यातून काढायचा तो अर्थ काढला : चरखा आमच्या मुलांना, इंग्रजी त्यांच्या मुलांना. हा अर्थ अडाणीपणाचा नव्हता. व्यवहाराचे ते अचूक वाचन होते. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभव आणि सर्वांसाठी समान परिसर शाळा अशा दोन्ही शिफारशी केल्या. पहिली वेळापत्रकात एका तासिकेच्या रूपाने उरली, दुसरी कागदावर राहिली. इ. स. २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. सरकारी शाळेने खासगी शाळेची मोजपट्टी अखेर आपल्या हातात घेतली.

मग तुलना करूच नये काय? करावी, पण तोलूनमापून. अमेरिकेतील कोलमन अहवालाने १९६६ मध्येच दाखवले की गुणांतील फरकाचा मोठा वाटा घरच्या परिस्थितीचा असतो. २००५ पासून ग्रामीण भारतात होणाऱ्या ‘असर’ पाहणीतही खासगी शाळांची आघाडी आईबापांचे शिक्षण व घरची स्थिती हिशेबात घेतल्यावर बरीच आटते. आंध्र प्रदेशात २००८ पासून चार वर्षे चाललेल्या मुरलीधरन आणि सुंदररामन यांच्या प्रयोगात गरीब मुलांना सोडतीने खासगी शाळेत प्रवेश दिला गेला. तेलुगू आणि गणितात त्यांच्यात व सरकारी शाळांतील मुलांत फरक आढळला नाही. खासगी शाळांच्या बाजूचेही सांगायला हवे : त्या या विषयांना कमी वेळ देत होत्या, हिंदीत त्यांची मुले बरीच पुढे होती, आणि दर मुलामागे त्यांचा खर्च सरकारी शाळांच्या एक-तृतीयांशाहूनही कमी होता. कोणता विषय मोजला यावर निकाल बदलतो, हे याहून स्पष्ट कसे दिसणार?

महाराष्ट्रात तर या दोन नावांतही सारे मावत नाही. आपल्या पुष्कळशा माध्यमिक शाळा खासगी संस्थांच्या, पण शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातून. सेवाग्रामच्या परिसरात २००५ मध्ये पुन्हा सुरू झालेली ‘आनंद निकेतन’ ही मराठी माध्यमाची शाळा सरकार नव्हे तर नयी तालीम समिती चालवते, आणि तरीही तिचा वारसा १९३७ च्या सार्वजनिक स्वप्नाचा आहे.

भाषा-साहित्य शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना या वादात एक जास्तीचे कर्तव्य आहे. इंग्रजी किती आले हे आईबाप विचारतात, गणित किती आले हे पाहण्या विचारतात. मूल आपल्या भाषेत विचार मांडू शकते काय, हे सहसा कोणी विचारत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेला नापास ठरवण्यापूर्वी हा प्रश्न दोन्हीकडच्या मुलांना विचारला गेला पाहिजे. आणि त्याचे उत्तर टक्क्यांत बसले नाही, तर दोष उत्तराचा मानू नये.