द्राक्षांतील कीडनाशक अवशेषांची तपासणी

फवारणीनंतर द्राक्षांमध्ये उरलेली रसायने ओळखून त्यांचे प्रमाण ठरविण्याच्या रासायनिक विश्लेषणास द्राक्षांतील कीडनाशक अवशेषांची तपासणी म्हणतात. महाराष्ट्रातून युरोपीय संघात होणारी द्राक्षनिर्यात या तपासणीवर अवलंबून असते. तीत मुख्यतः क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री ही तंत्रे एकत्रितपणे वापरली जातात. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात कौशिक बॅनर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयात महत्त्वाचे संशोधन केले आहे.

पार्श्वभूमी

नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे हे महाराष्ट्रातील प्रमुख द्राक्षोत्पादक जिल्हे आहेत. मराठवाड्यात जालना जिल्ह्यातील कडवंची हे गाव द्राक्षबागांसाठी प्रसिद्ध आहे. केवडा, भुरी आणि करपा या रोगांमुळे द्राक्षपिकावर वारंवार फवारणी करावी लागते. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांतील कीडनाशक अवशेषांवर आक्षेप घेण्यात आले. त्यानंतर ‘अपेडा’ या केंद्रीय निर्यात प्राधिकरणाने अवशेष संनियंत्रण योजना सुरू केली. मांजरीच्या केंद्रातील प्रयोगशाळेस या योजनेत राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेचे स्थान देण्यात आले.

ज्या रसायनासाठी स्वतंत्र कमाल अवशेष मर्यादा निश्चित केलेली नाही, त्याला युरोपीय संघात सर्वसाधारणपणे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागू होते. हे प्रमाण १०० टन द्राक्षांत १ ग्रॅम इतके सूक्ष्म आहे.

तपासणीची पद्धत

बॅनर्जी, तत्कालीन संचालक पांडुरंग अडसुळे आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘जर्नल ऑफ क्रोमॅटोग्राफी ए’ या नियतकालिकात ऐंशीहून अधिक कीडनाशकांचे एकाच वेळी मापन करणारी पद्धत प्रसिद्ध केली. तीत कुस्करलेल्या १० ग्रॅम द्राक्षांतून १० मिलिलिटर इथाइल ॲसिटेटच्या साहाय्याने अवशेष वेगळे काढले जातात. त्यासोबत आलेली सेंद्रिय आम्ले व अन्य घटक शोषक पदार्थ वापरून दूर केले जातात.

यानंतर द्रव क्रोमॅटोग्राफीमध्ये अर्कातील घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात व त्यांचे विद्युतभारित आयन बनवले जातात. मास स्पेक्ट्रोमीटरचा पहिला टप्पा ठरावीक वस्तुमानाचा आयन निवडतो, दुसऱ्यात वायूच्या रेणूंवर आदळून त्याचे तुकडे होतात आणि तिसऱ्यात विशिष्ट तुकडा मोजला जातो. उदाहरणार्थ, कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचा १९२ वस्तुमानाचा आयन फुटून १६० वस्तुमानाचा तुकडा मिळतो. द्राक्षरसातील घटकांमुळे मूळ संकेत कमी-अधिक होऊ शकतो. म्हणून तुलनेची प्रमाण द्रावणे अवशेषमुक्त द्राक्षांच्या अर्कातच तयार केली जातात.

२०१० चा पेचप्रसंग

या पद्धतीत उपकरण केवळ आधी ठरवून दिलेल्या रसायनांचाच शोध घेते. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अवशेषांमुळे भारतीय द्राक्षे युरोपात नाकारली गेली. बागायतदार या वाढनियंत्रकास ‘सीसीसी’ म्हणून ओळखतात. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखून घडनिर्मिती वाढवण्यासाठी ते वापरले जाते. वेलीत टिकून राहिलेले हे रसायन पुढील हंगामाच्या फळांत उतरते. तपासणीच्या तत्कालीन यादीत त्याचा समावेश नव्हता. शिवाय ते कायम विद्युतभारित व अत्यंत ध्रुवीय असल्याने इथाइल ॲसिटेटमध्ये उतरत नाही व त्यासाठी निष्कर्षणाची निराळी पद्धत लागते. त्यामुळे तपासणीत निर्दोष ठरलेला मालही युरोपात अडकला आणि निर्यातदारांसह बागायतदारांना मोठा आर्थिक फटका बसला. पुढे हे रसायन तपासणीत समाविष्ट करण्यात आले.

सद्यःस्थिती

निर्यातक्षम बागेची नोंदणी करून काढणीपूर्वी तेथील नमुना तपासला जातो व निष्कर्ष ‘ग्रेपनेट’ या संगणकीय प्रणालीत नोंदवला जातो. मर्यादेपेक्षा अधिक अवशेष आढळल्यास अंतर्गत इशारा देऊन त्या बागेतील मालाची युरोपला होणारी निर्यात थांबवली जाते. शिफारस केलेली औषधे व त्यांचा काढणीपूर्व प्रतीक्षाकाळ दर्शविणारी यादी बागायतदारांत ‘ॲनेक्श्चर ५’ या नावाने परिचित आहे. युरोपातील मर्यादा बदलत असल्याने ही यादी वेळोवेळी सुधारली जाते.