घरगुती नेटवर्कवरून गेम कन्सोलवर चित्रपट स्ट्रीमिंग

घरगुती नेटवर्कवरून गेम कन्सोलवर चित्रपट स्ट्रीमिंग म्हणजे व्हीसीडी, डीव्हीडी किंवा ब्लू-रे तबकडीवरील चित्रपट संगणकीय फाइलच्या स्वरूपात उतरवून घेणे, तो घरातील नेटवर्क संचयकावर साठवणे आणि दूरचित्रवाणी संचाला जोडलेल्या गेम कन्सोलवर पाहणे होय. तबकडीवरील मजकूर उतरवून घेण्याच्या क्रियेस 'रिपिंग' म्हणतात. नेटवर्कला जोडलेल्या साठवण यंत्रास 'नॅस' हे संक्षिप्त नाव रूढ आहे. या पद्धतीत चित्रपटाची फाइल कन्सोलमध्ये कायमची उतरवली जात नाही. ती संचयकावरच राहते आणि पाहताना लागेल तेवढाच भाग नेटवर्कवरून कन्सोलकडे येतो. हा प्रवाह घरातल्या घरात होत असल्याने त्यासाठी इंटरनेट जोडणी आवश्यक नसते.

पार्श्वभूमी

भारतात घरी चित्रपट पाहण्याची सवय १९८०च्या दशकात व्हिडिओ कॅसेटमुळे रुजली. महाराष्ट्रातील तालुक्यांच्या गावीही व्हीसीआर आणि रंगीत दूरचित्रवाणी संच एका रात्रीसाठी भाड्याने आणण्याची पद्धत होती. १९९३ मध्ये प्रमाणित झालेली व्हीसीडी ही स्वस्त असल्याने भारतात विशेष लोकप्रिय ठरली. एका व्हीसीडीवर सुमारे ७४ मिनिटांचे चित्रण मावत असल्याने बहुतेक भारतीय चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत येत. मराठी चित्रपटांबरोबरच मराठी नाटकांची चित्रणेही व्हीसीडीवर मोठ्या प्रमाणात निघाली. मोझर बेअर या कंपनीने या व्यवसायात उतरल्यानंतर व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकण्यास सुरुवात केली, त्यामुळे अधिकृत तबकड्या सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आल्या. पुढे या कंपनीची दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली व २०१८ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश निघाला.

तबकड्यांचा बाजार ओसरला, तसा घरोघरच्या संग्रहाचा प्रश्न पुढे आला. ओरखडे, बुरशी आणि परावर्तक थराचा क्षय यांमुळे तबकडी कालांतराने वाचता येत नाही. ती वाचणारी यंत्रेही दुर्मीळ होत जातात. ज्या चित्रपटांच्या किंवा नाटकांच्या तबकड्या पुन्हा निघाल्या नाहीत, त्यांच्या बाबतीत फाइलरूपात जतन करणे हा घरगुती पातळीवरील मुख्य उपाय ठरतो. लग्नसमारंभांच्या व्हीएचएस कॅसेट आणि तबकड्या यांनाही हेच लागू होते.

गेम कन्सोलचा वापर

मायक्रोसॉफ्टच्या मूळ एक्सबॉक्स कन्सोलसाठी स्वयंसेवी विकासकांनी २००२ मध्ये 'एक्सबॉक्स मीडिया प्लेयर' तयार केला. तोच पुढे 'एक्सबीएमसी' झाला. त्याद्वारे संगणकावरील सामायिक फोल्डरमधील चित्रपट थेट पाहता येत. मात्र त्यासाठी कन्सोलमध्ये अनधिकृत फेरफार करावा लागे. हीच प्रणाली २०१४ पासून 'कोडी' या नावाने ओळखली जाते.

भारतात एक्सबॉक्स ३६० सप्टेंबर २००६ मध्ये, तर सोनीचा प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये विक्रीस आला. मे २००७ मधील १.८० या प्रणाली अद्यतनाने प्लेस्टेशन ३ ला डीएलएनए सर्व्हरवरील फाइल वाचता येऊ लागल्या. डिसेंबर २००७ मध्ये त्यात डिव्हएक्स स्वरूपाची भर पडली, तर एक्सबॉक्स ३६० मध्ये एच.२६४ व एमपीईजी-४ या स्वरूपांची भर मे २००७ मध्येच पडली होती. त्यामुळे खेळांसाठी घेतलेले यंत्र चित्रपटांसाठीही उपयोगी ठरू लागले.

या पद्धतीला चालना मिळण्याचे एक तांत्रिक कारणही होते. हे दोन्ही कन्सोल यूएसबी डिस्क जोडताना फॅट३२ ही फाइल प्रणाली अपेक्षित धरत. तीत एका फाइलचा आकार ४ गिगाबाइटपेक्षा अधिक असू शकत नाही. उच्च दर्जाचा चित्रपट ही मर्यादा सहज ओलांडतो. फाइल नॅसवर असल्यास ती नॅसच्या स्वतःच्या फाइल प्रणालीत राहते आणि कन्सोलला केवळ प्रवाह मिळतो, म्हणून ही अडचण उद्भवत नाही.

कार्यपद्धती

नेटवर्क संचयक

नॅस हा एक किंवा अधिक हार्ड डिस्क असलेला लहान संगणक असतो व तो तारेने राउटरला जोडला जातो. सिनॉलॉजी, क्यूनॅप, बफेलो आदी कंपन्यांची तयार यंत्रे मिळतात. जुन्या संगणकावर लिनक्स बसवूनही हे काम करता येते. दुहेरी थराच्या डीव्हीडीची क्षमता सुमारे ८.५ गिगाबाइट असते. त्या हिशेबाने २ टेराबाइटच्या डिस्कवर अशा सुमारे २३५ पूर्ण डीव्हीडी मावतात. फाइल पुन्हा संकुचित केल्यास ही संख्या अनेक पटींनी वाढते.

शोध व यादी

कन्सोल आणि संचयक यांची ओळख यूपीएनपी या नियमसंचाने होते. सोनी, इंटेल आदी कंपन्यांनी २००३ मध्ये स्थापन केलेल्या आणि पुढे डीएलएनए या नावाने परिचित झालेल्या संघटनेने त्यावर आधारित मार्गदर्शक तत्त्वे ठरवली. कन्सोल सुरू होताच तो २३९.२५५.२५५.२५० या समूह पत्त्यावर विचारणा पाठवतो. सर्व्हर तिला उत्तर देऊन आपला पत्ता कळवतो. त्यानंतर कन्सोल चित्रपटांची यादी मागवतो आणि निवडलेली फाइल एचटीटीपी या नियमानुसार तुकड्यातुकड्यांनी घेतो. चित्रपट पुढे सरकवल्यास फाइलच्या त्या ठिकाणापासूनचा भाग मागवला जातो. नॅसवर मिनीडीएलएनए, ट्वॉन्की, प्लेक्स यांसारखे सर्व्हर चालवले जातात.

स्वरूप व रूपांतर

चित्रपटाच्या फाइलमध्ये दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. चित्र व ध्वनी संकुचित करणाऱ्या पद्धतीस 'कोडेक' म्हणतात, तर हे प्रवाह एकत्र बांधणाऱ्या वेष्टनास 'कंटेनर' म्हणतात. प्लेस्टेशन ३ ला एच.२६४ हा कोडेक समजत असला, तरी एमकेव्ही हा कंटेनर उघडता येत नसे. अशा वेळी चित्राला हात न लावता केवळ वेष्टन बदलणे पुरेसे असते. हे काम काही मिनिटांत होते व दर्जा घटत नाही. कोडेकच समजत नसेल, तर संपूर्ण फाइल नव्याने संकुचित करावी लागते, यास 'ट्रान्सकोडिंग' म्हणतात. ते आधीच हँडब्रेकसारख्या मुक्त प्रणालीने करून ठेवता येते, किंवा सर्व्हर पाहण्याच्या वेळी करतो. दुसऱ्या प्रकारासाठी शक्तिशाली प्रोसेसर लागतो. स्वस्त नॅसमध्ये तो नसल्याने चित्र अडखळते.

नेटवर्कचा वेग

चित्रपट सलग दिसण्यासाठी नेटवर्कचा प्रत्यक्ष वेग फाइलच्या प्रवाहवेगापेक्षा सतत अधिक असावा लागतो. निरनिराळ्या माध्यमांचे कमाल प्रवाहवेग पुढीलप्रमाणे आहेत:

- व्हीसीडी : सुमारे १.४ मेगाबिट प्रतिसेकंद
- डीव्हीडी : सुमारे १० मेगाबिट प्रतिसेकंद
- ब्लू-रे : सुमारे ५४ मेगाबिट प्रतिसेकंद

प्लेस्टेशन ३ मधील वायफाय ८०२.११जी या मानकाचे होते. त्याचा कागदोपत्री वेग ५४ मेगाबिट असला, तरी प्रत्यक्षात साधारणतः २० ते २५ मेगाबिटच मिळत, भिंती आणि अंतर यांमुळे त्याहूनही कमी. त्यामुळे डीव्हीडीच्या फाइल वायफायवर चालत, परंतु ब्लू-रेच्या फाइल थांबत-थांबत दिसत. इथरनेटची तार टाकणे हाच यावरील खात्रीचा उपाय होता.

देवनागरी उपशीर्षके

मराठी प्रेक्षकांना जाणवणारी अडचण उपशीर्षकांची आहे. स्वतंत्र मजकूर फाइलमधील उपशीर्षके ही युनिकोडच्या यूटीएफ-८ संकेतनात नसल्यास अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. संकेतन योग्य असूनही कन्सोलच्या प्रणालीत देवनागरीचा टंक किंवा जोडाक्षरे जुळवण्याची सोय नसेल, तर चौकटी दिसतात, ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी पडते आणि जोडाक्षरे तुटतात. यावर रूपांतर करतानाच उपशीर्षके चित्रात कायमची उमटवणे हा मार्ग वापरला जातो. अशी उपशीर्षके कोणत्याही यंत्रावर नीट दिसतात, पण नंतर बंद करता येत नाहीत.

कायदेशीर बाजू

डीव्हीडीवर सीएसएस, तर ब्लू-रेवर एएसीएस हे कुलूपबंद तंत्र असते. डीव्हीडीचे कुलूप उघडणारी 'डीसीएसएस' ही प्रणाली १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्याशी संबंधित जॉन लेक जोहान्सेन याची नॉर्वेतील न्यायालयांनी २००३ मध्ये निर्दोष मुक्तता केली. अमेरिकेत १९९८च्या कायद्याने असे कुलूप उघडण्यास मनाई केली. घरातील सर्व्हरवर डीव्हीडी साठवणाऱ्या कॅलिडोस्केप कंपनीविरुद्धचा खटला २००४ ते २०१४ असा दहा वर्षे चालून तडजोडीने मिटला. ब्रिटनने ऑक्टोबर २०१४ मध्ये खासगी प्रत काढण्याची मुभा दिली, परंतु न्यायालयाने ती २०१५ मध्ये रद्द ठरवली.

भारतात प्रताधिकार अधिनियम, १९५७ लागू आहे. २०१२च्या दुरुस्तीनंतर कलम ५२(१)(क) मधील खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठीच्या रास्त व्यवहाराची तरतूद चित्रपटांनाही लागू झाली. अशा प्रयोजनासाठी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणे हे उल्लंघन ठरत नाही, असे त्यातील स्पष्टीकरणात म्हटले आहे. याच दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हे संरक्षक तंत्र भेदण्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंडाची शिक्षा ठरवते, मात्र त्यासाठी अधिकारांचे उल्लंघन करण्याचा हेतू असणे आवश्यक मानले आहे. म्हणजेच स्वतः विकत घेतलेल्या तबकडीची घरात पाहण्यासाठी केलेली प्रत आणि वाटपासाठी केलेली प्रत यांत कायदा फरक करतो. बनावट तबकडीवरून किंवा इंटरनेटवरून अनधिकृतपणे मिळवलेल्या फाइलना हे संरक्षण गृहीत धरता येत नाही.

खासगी वापराची मुभा सार्वजनिक प्रदर्शनाला लागू होत नाही. उत्सवाच्या मंडपात, उपाहारगृहात किंवा प्रवासी बसमध्ये चित्रपट दाखवण्यासाठी हक्कधारकाची परवानगी लागते. महाराष्ट्रात 'एमपीडीए' या नावाने परिचित असलेल्या १९८१च्या स्थानबद्धता कायद्यात २००९ मध्ये दुरुस्ती होऊन दृक्‌श्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्तींचा, म्हणजे 'व्हिडिओ पायरेट्स'चा, समावेश करण्यात आला.

भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा प्रताधिकार प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे 'संत तुकाराम' (१९३६) किंवा 'श्यामची आई' (१९५३) यांसारख्या चित्रपटांची ही मुदत संपली आहे. तथापि पटकथा, गीते व संगीत यांचे हक्क त्या त्या निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वतंत्रपणे टिकू शकतात.

ग्रामीण महाराष्ट्रातील संदर्भ

मराठवाड्यातील जालना जिल्ह्यासारख्या भागात या पद्धतीचे फायदे-तोटे महानगरांपेक्षा वेगळे दिसतात. जिल्ह्याच्या भोकरदन, जाफ्राबाद, परतूर, मंठा, अंबड, घनसावंगी आणि बदनापूर या तालुक्यांत बहुसंख्य लोकवस्ती खेड्यांत आहे. इंटरनेट मंद किंवा खंडित असले, तरी घरातील संचयकावरून चित्रपट पाहण्यात अडथळा येत नाही, हा या पद्धतीचा महत्त्वाचा गुण होय. त्यासाठी केवळ राउटर चालू असणे पुरेसे असते.

याउलट वीजपुरवठा ही मुख्य अडचण आहे. लिहिणे चालू असताना वीज गेल्यास नॅसमधील फाइल प्रणाली बिघडू शकते आणि वारंवारच्या झटक्यांनी डिस्क निकामी होऊ शकते. सन २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन अनुभवले. अशा ठिकाणी नॅस आणि राउटर दोन्ही यूपीएसवर ठेवणे व वीज गेल्यावर नॅस आपोआप सुरक्षितपणे बंद होईल अशी सोय करणे आवश्यक असते. उन्हाळ्यातील उष्णता आणि धूळ यांचाही डिस्कच्या आयुष्यावर परिणाम होतो.

मर्यादा व सुरक्षितता

दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवण्याच्या 'रेड १' या रचनेमुळे एक डिस्क बिघडली तरी संग्रह वाचतो. मात्र चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून जाते. म्हणून ही रचना स्वतंत्र प्रतीला पर्याय ठरत नाही. घरगुती चित्रणांची तरी आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर व शक्यतो वेगळ्या घरी ठेवणे इष्ट मानले जाते.

डीएलएनए सर्व्हरला सामान्यतः संकेतशब्द नसतो. वायफायला जोडलेल्या कोणालाही संग्रह दिसू शकतो. नॅस थेट इंटरनेटवर खुला ठेवणे विशेष धोक्याचे असते. २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' या खंडणीखोर प्रणालीने इंटरनेटवर खुल्या असलेल्या क्यूनॅप यंत्रांतील फाइल कुलूपबंद करून पैशांची मागणी केली होती.

प्लेस्टेशन ३ मध्ये 'सिनाविया' हे ध्वनिचिन्ह ओळखण्याचे तंत्रही आहे. चित्रपटाच्या ध्वनीत दडवलेली ही खूण रूपांतरानंतरही टिकते आणि ती आढळल्यास कन्सोल ध्वनी बंद करतो किंवा प्रदर्शन थांबवतो.

सद्यस्थिती

डीएलएनए ही संघटना जानेवारी २०१७ मध्ये विसर्जित झाली, तरी तिची तत्त्वे वापरणारी उपकरणे आजही चालतात. प्लेस्टेशन ४ ला मीडिया प्लेयर २०१५ मध्ये मिळाला. प्लेस्टेशन ५ मध्ये मात्र डीएलएनए वाचणारा अंगभूत प्लेयर दिलेला नाही, त्यावर प्लेक्ससारखे ॲप वापरावे लागते. कोडी डिसेंबर २०१७ मध्ये एक्सबॉक्स वन वर अधिकृतपणे उपलब्ध झाली. स्मार्ट टीव्ही व स्वस्त मोबाइल डेटा यांमुळे कन्सोलची ही भूमिका कमी झाली आहे. तथापि ऑनलाइन सेवांवरील चित्रपट करार संपताच काढले जातात आणि अनेक जुने मराठी चित्रपट व नाटके तेथे उपलब्धच नसतात. त्यामुळे स्वतःच्या तबकड्यांचा घरगुती संग्रह टिकवण्याची पद्धत मर्यादित प्रमाणात चालू आहे.

हे सुद्धा पहा

- डीव्हीडी
- ब्लू-रे
- प्लेस्टेशन ३
- एक्सबॉक्स ३६०
- प्रताधिकार
- मराठी चित्रपट